हिरडीमागचा सुळा

“…आणि हे ‘नाही’ तू कशावरून लिहिलंस?”

डॉ. आजगावकरबाईंनी तपासणीचा कागद शार्दूलपुढे सरकवला. त्याच्या सुबक अक्षरांत एकच ओळ होती : वरचा डावा सुळा नाही; फट तारांनी मिटवावी.

शार्दूल बोडस मनातल्या मनात हसला. वाकडे दात सरळ करण्याच्या विद्येत तो विद्यापीठात पहिला आला होता. मिरजेच्या या जुन्या दवाखान्यात बाईंच्या हाताखाली त्याला तीन महिने झाले होते. एवढ्यातेवढ्या शंकेला बाई क्ष-किरणचित्र मागतात, हा त्याला वयाचा दोष वाटू लागला होता.

“बाई, मुलगी चौदा वर्षांची. उजवा सुळा केव्हाच आला. डावीकडचा दुधाचा पडला, त्याच्यामागून काही आलं नाही. हिरडी चाचपली, टाळू चाचपला. कुठे उंचवटा नाही.”

बाईंनी खुर्चीतल्या तहसीनच्या टाळूवरून स्वतःचे बोट फिरवले. सावकाश. मग हातमोजा काढला.

“आलं नाही, हे तू पाहिलंस. नाही, हे कुठे पाहिलंस?”



“अहो डॉक्टर, पोरीला तोंड तरी मिटू द्या,” तहसीनची आई रुक्साना म्हणाली. “माशी जाईल.”

तहसीन खुदकन हसली, आणि हसता हसताच तिने पंजा ओठांवर धरला.

“बघितलंत? दोन वर्षं झाली. हात धरल्याशिवाय हसत नाही. बोडस डॉक्टर म्हणाले, वर्षात फट बुजवतो. आम्हाला तेवढंच पाहिजे.”

दिलेल्या शब्दाची आठवण झाली तसा शार्दूलला धीर आला. “बाई, अकारण किरण कशाला द्यायचे?”

“अकारण मी कधी दिले नाहीत.”

बाईंनी खणातून पारदर्शक कागद आणि टोकदार पेन्सिल काढली.

“हाडाच्या आत काय आहे, ते तुला ठाऊक आहे ना? काढ मग. दात कुठून कुठे नेणार, तेही दाखव.”

त्याने काढले. मुळे रेखली, रिकामी जागा सोडली, शेजारच्या दाताचे मूळ त्या जागेत सरकवणारा ठसठशीत बाण काढला. चित्र देखणे होते. त्याचे त्यालाच ते आवडले.

तोवर पलीकडच्या खोलीत क्ष-किरणचित्रासाठी तहसीनला शिशाचा अंगरखा चढवला गेला.

“अम्मी, हा माझ्या दप्तरापेक्षा जड आहे!”

“मग आजपासून दप्तराची तक्रार बंद.”

क्ष-किरणचित्र आले. बाईंनी ते प्रकाशपेटीवर लावले आणि शार्दूलचा कागद त्यावर ठेवला.

…

सुळा होता. हाडाच्या आत, पुरता घडलेला, आडवा. त्याचे टोक शेजारच्या दाताच्या मुळाला भिडले होते. शार्दूलचा बाण नेमका त्यालाच जाऊन लागत होता.

वर्षभर तो ते निरोगी मूळ या टोकावर घासत राहिला असता. फट मिटली असती. चांगला दात मुळापासून झिजला असता. आणि मुलीने हसून त्याचे आभार मानले असते.

“म्हणजे काय झालं हो?” रुक्सानाने विचारले.

“वहिनी, मी चुकलो. दात आहे. फट मिटवायची नाही, त्याच्यासाठी राखायची. हिरडी थोडीशी उघडायची, दाताला बारीक साखळी चिकटवायची, हळूहळू खाली आणायचा. वर्षात होणार नाही. दोन लागतील.”

“माझाच दात?” तहसीन.

“तुझाच.”

“आणि एवढे दिवस आत झोपून होता?”

“तुझाच तो, झोपणारच,” आई म्हणाली.

तहसीन हसली. हात खुर्चीच्या कडेलाच राहिले.

रुक्सानाचे डोळे भरून आले. तिने शार्दूलपुढे हात जोडले. “खुदा तुमचं भलं करो, डॉक्टर.”

“माझं नाव नका घेऊ. बाईंचे आभार माना.”

मायलेकी गेल्यावर शार्दूलने तपासणीच्या कागदावरली आपली ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

“बाई, तुमच्यामुळे त्या पोरीचा दात वाचला… आणि मीही. चाळीस वर्षांचा हात तुमचा. माझ्या बोटांना जे कळलं नाही, ते तुमच्या बोटाला एका फेरीत कळलं.”

“काय कळलं?”

“की सुळा आत आहे.”

“छे. माझ्याही बोटाला काहीच लागलं नाही.”

“मग… चित्र कशासाठी मागितलंत?”

बाईंनी प्रकाशपेटीचा दिवा मालवला.

“काहीच लागलं नाही, म्हणून.”