यक्षाच्या तळ्याचे पाणी

पूर्वी उत्पलनगरीत विमलसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे एका वैद्याच्या कुळात जन्मला होता. नगराबाहेर यक्षाचे तळे होते. पुरोहित सोमिल त्याचे पाणी तीर्थ म्हणून घरोघर वाटी. श्रेष्ठी विदूरथ यक्षबिक्ष काही मानत नसे. तो भर चौकात त्याच पाण्यात पाय धुई आणि तेच घटाघटा पिऊन दाखवी. त्याचे अनुयायीही तसेच करीत. दोन्ही पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नसत, पण पीत एकच पाणी. त्यांच्यात सलोखा व्हावा म्हणून राजाने सोमिलाची मुलगी रेवती विदूरथाची सून करून दिली होती. सलोखा काही झाला नाही.

एके वर्षी नगरात अतिसार पसरला. बोधिसत्त्व घरोघर फिरला. नदीचे पाणी पिणारे नावाडी धडधाकट होते, तळ्याचे पिणारे मरत होते. त्याने हे राजाला सांगितले.

राजा म्हणाला, "यक्ष कोपला म्हण, नाहीतर यक्ष नाहीच म्हण. एक काय ते बोल, तुला राजवैद्य करतो."

"महाराज, यक्ष आहे की नाही हे मला ठाऊक नाही. माणसं मरताहेत एवढं दिसतं. माझंही चुकत असेल. थोडे दिवस नदीचं पाणी पिऊन बघू या."

सोमिल म्हणाला, "हा नास्तिक आहे." विदूरथ म्हणाला, "हा यक्षाला भितो." त्या दोघांचे एकमत झाले ते तेवढेच. वैद्याला दरबार बंद झाला.

मग रेवती आजारी पडली. बोधिसत्त्व नदीच्या पाण्याचा घडा घेऊन धावला.

"तळं सोडणं हा यक्षाचा अपमान आहे," सोमिल म्हणाला.

"आज तळं सोडलं, तर लोक म्हणतील विदूरथाच्या घरानं यक्षाची धास्ती घेतली," विदूरथ म्हणाला.

"मी चुकलो तर हिचं काय जाणार आहे? आणि तुम्ही चुकलात तर?"

रेवतीने हात पुढे केला. "वैद्यकाका, द्या ना ते. कुणाचंही असो, मला तहान लागली आहे."

विदूरथाने घडा दूर सारला. सोमिलाने तिच्या ओठाला तीर्थ लावले. दोघेही रडत होते. दोघांचाही तिच्यावर खरोखर जीव होता.

दुसऱ्या दिवशी रेवती गेली. सोमिल म्हणाला, श्रद्धा कमी पडली. विदूरथ म्हणाला, योगायोग. आणि दोघे तळ्याचेच पाणी पीत राहिले. बोधिसत्त्व पुढेही दारोदार नदीचे पाणी नेत असे. फार थोड्या घरांनी ते घेतले.

एवढे सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तो वैद्य मी होतो. सोमिल आणि विदूरथ म्हणजे आज स्मशानात परलोक आहे की नाही यावरून भांडणारे नंदक आणि कालिक हे भाऊ."

"आणि रेवती, भगवन्?" एका भिक्षूने विचारले.

शास्ता म्हणाले, "जिला आपण सकाळी अग्नी देऊन आलो, ती त्यांची बहीण."

मग ते म्हणाले, "जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणं, आणि तरी पाणी घेऊन जाणं, ही प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता. ती त्या जन्मी मला साधली. रेवतीला तिचा काही उपयोग झाला नाही."