हलक्या काडतुसाला अडणारी बंदूक

एकदा एक बागायतदार आपली बारा बोरची बंदूक घेऊन घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आले. हे कारागीर बंदुका दुरुस्त करण्यात वाकबगार होते. पंचक्रोशीत परवान्याच्या जेवढ्या बंदुका होत्या, त्या सगळ्या कधी ना कधी त्यांच्या मेजावरून गेलेल्या होत्या. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. वय तिशीच्या पुढचे. कारखान्यातली लेथवरची नोकरी सोडून हे काम शिकायला आलेला. हात चांगला, बुद्धी चांगली, धीर तेवढा बेताचा.

बागायतदारांनी बंदूक मेजावर ठेवली आणि म्हणाले, "मेस्त्री, हिला काय झालंय बघा. जड काडतूस घातलं की एकामागून एक बार सुटतात, तक्रार नाही. हलकं घातलं की पहिला बार उडतो आणि दुसऱ्याला अडते. रिकामं टरफल बाहेर पडायच्या दारातच चिमटून बसतं."

ज्या वाचकांनी जन्मात बंदूक हाती धरलेली नाही (आणि असेच वाचक अधिक असोत), त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या जातीची बंदूक स्वतःच स्वतःला भरते. बार उडाला की त्याच्याच धक्क्याने नळी मागे सरकते, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस आत येते. धक्का पुरेसा असला तरच हे सारे घडते. बागेत घुसणाऱ्या रानडुकरासाठी वापरतात त्या जड काडतुसाचा धक्का मोठा, नेमबाजीच्या सरावाला वापरतात त्या हलक्या काडतुसाचा लहान. बागायतदारांच्या बंदुकीला लहान धक्का जाणवतच नव्हता.

वृद्धांनी विचारले, "बंदूक तुमच्या वडिलांच्या वेळची दिसते. मग हलक्या काडतुसाची गरज आत्ताच कशी पडली?"

"खांद्यानं दगा दिला. डॉक्टरांनी जड बार बंद करायला सांगितलं."

"म्हणजे ही अडते हे तुम्हाला आत्ताच कळलं?"

 बागायतदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला आत्ता कळलं. माझ्या मुलीला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं."

ती हकिगत अशी. त्यांची मुलगी हेमांगी हिला नेमबाजीची गोडी लागली होती. शहरातल्या क्लबात मातीच्या तबकड्या हवेत फेकतात आणि त्या उडत्या तबकड्या फोडायच्या असतात, तो खेळ. बागायतदारांना लेकीचे मोठे कौतुक. परवान्यावर तिचे नाव चढवून घेतले, वडिलोपार्जित बंदूक तिच्या हाती दिली, दर रविवारी स्वतः गाडी काढून तिला घेऊन जात. तिथे हलकीच काडतुसे वापरतात. तबकड्या दोन एकदम सुटत. पहिली फुटे, दुसरी तशीच निघून जाई.

"मला म्हणाली होती ती," बागायतदार सांगू लागले. "बाबा, ही हलक्या काडतुसाला अडते हो. मी म्हटलं, माझ्या हातात कधी अडली नाही ती! तुझी पकड ढिली आहे. पुन्हा एकदा जेवताना म्हणाली. मी हसलो, म्हटलं, नाचता येईना... जाऊ द्या. तिसऱ्यांदा म्हणाली ती निवड चाचणीच्या आदल्या दिवशी. दुसरी बंदूक क्लबातून मागून घेऊ का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आजोबांची बंदूक असताना भीक मागायची? झालं. चाचणीत तिची निवड झाली नाही. घरी आल्यावर तिनं बंदूक पुसली, तेल दिलं, कपाटात ठेवली. पुन्हा हात लावला नाही. भांडली नाही, रडली नाही. आता शाळेत शिकवते. माझ्याशी नीट बोलते. औषधं वेळेवर देते."

शेवटचे वाक्य त्यांनी अशा आवाजात उच्चारले की शिष्याने मान खाली घातली.

"गेल्या महिन्यात माझ्याच हातात अडली," बागायतदार म्हणाले. "माझी पकड काही ढिली नाही. तेव्हा समजलं. मेस्त्री, हिला सुधारून द्या. मी ती तिच्यापुढे नेऊन ठेवीन. पोरगी पुन्हा उभी राहिली पाहिजे. वय अजून गेलेलं नाही तिचं."

वृद्ध म्हणाले, "चार दिवसांनी या, भाऊसाहेब."

शिष्याने काम अंगावर घेतले. पहिल्या दिवशी त्याने बंदूक पूर्ण खोलून धुतली. नळीखालच्या दांडीवर वाळून चिकट झालेले जुने तेल होते, ते रॉकेलने काढले आणि नवीन तेलाचा हलका हात दिला. दुकानामागे चाचणीसाठी मातीचा उंच बांध घातलेला होता. तिथे जाऊन त्याने हलकी काडतुसे उडवून पाहिली. फरक पडला, पण तिसऱ्या काडतुसाला टरफल पुन्हा चिमटले. दुसऱ्या दिवशी त्याने दार घासले, खाच तपासली, टरफल ओढणारा चिमटा बदलला. व्यर्थ. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नळीखालची जाड स्प्रिंग हातात घेऊन वृद्धांपुढे उभा राहिला.

"अण्णा, सापडलं. स्प्रिंग फार ताठ आहे. दोन वेढे कापतो. हलक्या धक्क्यानंही नळी मागे येईल."

"आणि कोणी डुकरासाठी जड काडतूस घातलं तर?"

"तर... नळी जोरात मागे आदळेल."

"पुढचं लाकूड उभं फुटेल," वृद्ध म्हणाले. "आण इकडे."

त्यांनी नळीखालचे लाकूड काढले. दांडीवर स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला एक पोलादी रिंग होती आणि तिच्यापुढे एक पितळी पकड. बार उडाला की ही रिंग पकडीला आवळे आणि पकड दांडीला धरून नळीचा वेग रोखे. वृद्धांनी ती रिंग पुढून काढली, स्प्रिंगच्या मागच्या टोकाला सरकवली आणि लाकूड पुन्हा बसवले. पान लावून तोंडात टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नाही. मग ते बांधापाशी गेले आणि त्यांनी हलकी पाच काडतुसे एकापाठोपाठ उडवली. पाचही टरफले उडून गवतात पडली.

शिष्याचा चेहरा पडला. तीन दिवस घासूनपुसून तो जिथे पोचला नव्हता, तिथे म्हाताऱ्याचा हात एका खेपेत गेला होता. तरी त्याला आनंदही झाला. त्याच्या डोळ्यांसमोर ती न पाहिलेली मुलगी आली, दोन तबकड्या आल्या आणि दोन्ही फुटल्या.

आणि तेवढ्यात वृद्धांनी लाकूड परत काढले, रिंग मागून काढून पूर्वीच्याच जागी, पुढे, बसवली आणि बंदूक बंद करून कोपऱ्यात उभी केली.

"अण्णा, हे काय केलंत?"

"होती तशी ठेवली."

"पण ती अडेल!"

"अडू दे," असे म्हणून ते हात धुवायला गेले.

चौथ्या दिवशी बागायतदार आले. वृद्धांनी त्यांच्यासमोर लाकूड काढून रिंग दाखवली. "भाऊसाहेब, बंदुकीत बिघाड नाही. ही रिंग इथे असली की बंदूक जड बारासाठी लागलेली असते. मागे घेतली की हलक्यासाठी. मी बदललेली नाही. बंदूक घरी न्या, मुलीच्या हाती द्या, आणि तिला विचारा की ही कशी अडते. ती सांगेल तेवढं ऐका. मध्ये बोलू नका. सगळं बोलून झालं की ही जागा दाखवा आणि रिंग तिलाच बदलू द्या."

बागायतदारांना राग आला. तो येणे साहजिक होते. "तुम्हाला एवढं कळतंय तर करून द्यायला काय झालं? मी तिला सुधारलेली बंदूक देणार होतो." वृद्धांनी हात जोडले. बागायतदार बंदूक उचलून तरातरा निघून गेले.

शिष्यही कमी तापलेला नव्हता. "गावभर सांगतील की आपल्याला जमलं नाही. हातात आलेला इलाज उलटा फिरवायचा, ही कुठली विद्या?"

वृद्ध मेजाशी बसले. त्यांनी शिष्याला समोर बसवून घेतले.

"ते सुधारलेली बंदूक घेऊन गेले असते तर काय म्हणाले असते? घे, करून आणली, आता खेळ. म्हणजे पुन्हा बोलणारे तेच आणि ऐकणारी तीच. तुला वाटलं अडते ती बंदूक. अरे, बंदूक तर पोलादाची, तिला जशी लावली तशी ती चालते. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डुकरं हाकलत बाग राखली. ओरडल्याशिवाय कोणी कोणाचं ऐकत नसणार. अशा माणसाची रिंग पुढेच बसलेली असते. मोठा धक्का तो सोसतो, वाईट माणूस नसतो. पण कोणी हळू बोललं तर त्याच्यात काही हलतच नाही. मुलगी तीनदा बोलली. तिन्ही वेळा हळू. आता त्यांना बंदूक सुधारून हवी आहे, मुलीचं बोलणं मात्र तसंच अडकून राहिलंय. ते आधी बाहेर आलं पाहिजे, मग पुढचं."

"तुम्हाला हे कशावरून कळलं?"

 वृद्ध बोलले तेव्हा त्यांची नजर शिष्याकडे नव्हती. "हे दुकान आम्हा दोघा भावांचं होतं. धाकटा माझ्यापेक्षा सरस कारागीर. एक वर्ष तो मला म्हणत होता, दादा, डोळ्यांपुढे अंधारी येते, बारीक काम तू घे. वर्षभर. अधूनमधून, हसत हसत. मला वाटलं, अंगचोरपणा करतोय. एके दिवशी लेथमध्ये त्याची दोन बोटं गेली. तेव्हा मी हललो. दवाखाना केला, रात्रंदिवस उशाशी बसलो, सगळं केलं. पुढे मरेपर्यंत, अकरा वर्षं, तो याच घरात माझ्याबरोबर जेवला. पण त्यानं पुन्हा माझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उठून घ्यायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे. मी त्याला एकदाही विचारलं नाही, की तू मला तेव्हा काय सांगत होतास. विचारायला अकरा वर्षं होती."

 शिष्याचा राग कुठे गेला ते त्याला कळले नाही.

महिना उलटून गेल्यावर बागायतदार पुन्हा आले. हातात बंदूक नव्हती. ते बाकावर बसले. वृद्धांनी शिष्याला चहा सांगितला.

"तुम्ही म्हणालात तसं केलं," बागायतदार म्हणाले. "पहिले आठ दिवस तर जमलंच नाही, रागच होता तुमचा. मग एका रविवारी ती शाळेच्या वह्या तपासत बसली होती, तिच्यापुढे बंदूक ठेवली. म्हटलं, हेमा, ही कशी अडते ते सांग ना मला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग सांगायला लागली. मेस्त्री, तिला सगळं पाठ होतं. कुठल्या फेरीत कितव्या बाराला अडली ते. चाचणीच्या दिवशी तिसऱ्याच जोडीला तिला कळून चुकलं होतं की आज काही खरं नाही. मधेच सोडून येणार होती. पण मी समोर खुर्चीवर बसलो होतो, माझी मान खाली जाईल म्हणून शेवटपर्यंत उभी राहिली. हे मला माहीत नव्हतं. मी मध्ये बोललो नाही. कसं राहवलं ते माझं मला माहीत."

"मग?" शिष्याच्या तोंडून निघून गेले.

"मग रिंगची जागा दाखवली. तिनं बदलली. बागेच्या टोकाला जाऊन हलके चार बार काढले. एकालाही अडली नाही. मला वाटलं, आता म्हणेल, बाबा, रविवारी जाऊया. तिनं बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाली, बाबा, आता नको. अगदी हळू म्हणाली."

शिष्याने वृद्धांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते.

"माझ्या तोंडाशी आलं होतं," बागायतदार म्हणाले. "अगं, आता तर चालते, आता का नको? वय आहे, परवान्यावर नाव आहे, मी गाडी काढतो. सगळं ओठांवर आलं होतं. पण मेस्त्री, ती जे म्हणाली ना, ते मला ऐकू आलं. ती नको म्हणत होती. तिचं हळू बोललेलं मला जन्मात पहिल्यांदा ऐकू आलं, आणि ते हे होतं."

 चहा आला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. मग ती आत जायला निघाली आणि परत फिरली. म्हणाली, शाळेत एका बाईंशी माझं पटत नाही बाबा, काय करावं कळत नाही. आणि बसली माझ्याजवळ. संध्याकाळ होईपर्यंत सांगत होती."

वृद्ध उठले, त्यांनी बागायतदारांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो दुखरा खांदा आहे हे आठवून लगेच उचलला.  शिष्य चहाचे कप गोळा करून मागच्या दाराने बाहेर गेला आणि बांधापाशी बराच वेळ उभा राहिला.

आपल्या घरात हळू आवाजात बोलणारे कोण आहे, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. आणि ते बोलणे मध्यंतरी थांबले असेल, तर आजच जाऊन विचारावे.