करप्यावरचा लेख

"...पण बाई, अभ्यासासाठी लेख जमवणं हा काय गुन्हा आहे?"

ललित अहिररावनं पुन्हा विचारलं. त्याच्या मार्गदर्शक नेहेतेबाई चष्म्याची काच पदरानं पुसत होत्या.

ललित हा वनस्पतिशास्त्र विभागातला सगळ्यांत हुशार संशोधक. हे बाईंचं मत नव्हे. त्याचं स्वतःचं होतं, आणि रोज ऐकून ऐकून बाकीच्यांनीही ते मान्य करून टाकलं होतं. कुणाचा संगणक रुसला की ललितला हाक. कुणाला ई-ग्रंथालयातून लेख मिळेना की ललितला हाक.

त्याच ललितनं ते ई-ग्रंथालय बंद पाडलं होतं.

विद्यापीठ परदेशातल्या एका कंपनीला वर्गणी भरायचं आणि आवारातल्या कुठल्याही संगणकावर तिची नियतकालिकं उघडायची. एकेक लेख उघडावा, वाचावा, वाटलं तर ठेवून घ्यावा. ललितला एकेक करायला कुठला धीर? त्यानं एक छोटासा प्रोग्राम लिहिला, चालू केला आणि निवांत जेवायला गेला. केळीवरचं जगात जे जे छापून आलं होतं, ते त्याच्या हार्ड डिस्कमध्ये येऊन पडू लागलं. मध्येच पडद्यावर कंपनीची ताकीद आली, असे गठ्ठ्यानं लेख उतरवून घेऊ नका म्हणून. ती त्यानं बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं अख्ख्या विद्यापीठालाच कुलूप घातलं.

आता तिची अट एकच होती. ज्यानं हे केलं त्याचं नाव कळवा, त्याच्याकडच्या फायली पुसून टाका, त्याच दिवशी दार उघडतो. आवारातून झालं, एवढंच तिला माहीत होतं. ग्रंथपाल वाघुळदेसर विभागाविभागांतून विचारत फिरत होते आणि सगळे एकमेकांकडे बघत होते.

"तुम्ही सरांना एवढंच सांगा, की यंत्रात बिघाड झाला होता," ललित म्हणाला. "तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. शिष्यवृत्तीची मुलाखत तोंडावर आलीय, बाई. आता माझं नाव गेलं तर..."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कुठंय ते?"

"काय?"

"जमवलेलं."

ललितला एकदम हुरूप आला. त्यानं खिशातून हार्ड डिस्क काढली, बाईंच्या संगणकाला जोडली. पडदा वरपासून खालपर्यंत भरून गेला, तरी संपेना.

"केळीवर एवढं कुणाकडेच नसेल, बाई. जुन्यात जुनं आहे."

"यातलं वाचलेलं कुठलं?"

ललित हसला. "आधी जमवून घ्यावं म्हटलं..."

"एकही नाही?"

"...वाचणारच आहे."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर ललितला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दारात रेश्मा तडवी आली. ती यावलकडच्या एका शाळेत शिकवायची. ललितपेक्षा वयानं बरीच मोठी, आणि प्रबंध बाईंकडेच. ई-ग्रंथालय आवाराबाहेर उघडत नाही, म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा आटोपून एसटीनं यायची.

"बाई, चालू झालं का हो?"

"नाही."

रेश्माचा चेहरा उतरला. प्रबंध बुधवारी द्यायचा होता. केळीच्या पानांवर पडणाऱ्या करप्यावरचा एक जुना लेख तेवढा बघायचा राहिला होता. त्यातले आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय शेवटचं प्रकरण पुरं होईना. मुदत आधीच वाढवून घेतली होती. ही चुकली की नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांची धावपळ पाण्यात.

"ललितकडे असेल तो लेख," बाई म्हणाल्या. "देईल शोधून."

ललित खूश झाला. चला, आपल्या साठ्याचा कुणाला तरी उपयोग झाला, म्हणजे बाईंचंही मन वळेल. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"लेखकाचं नाव सांगा, ताई."

तिनं सांगितलं. संगणकाला सापडलं नाही.

इथंच घोडं पेंड खात होतं. प्रोग्रामनं फायलींना नावं दिली नव्हती, नुसते आकडे दिले होते. आणि जुने लेख म्हणजे छापील पानांचे फोटो. त्यांत शब्द शोधायला जावं तर काहीच हाती लागत नाही.

ललित एकेक फाईल उघडू लागला. केळीच्या खोडाचा धागा. बंद केली. केळी पिकवायच्या खोल्या. बंद केली. पुढची. त्याच्या पुढची...

रेश्मा त्याच्या खुर्चीमागे उभी होती. तिनं एकदा घड्याळाकडे पाहिलं.

"राहू द्या ना, भाऊ. किती त्रास घेता माझ्यासाठी!"

"असेल इथंच," ललित म्हणाला.

"तुम्ही तरी काय करणार? कुणीतरी काहीतरी केलं म्हणून बंद पडलंय, असं आत्ता बाहेर ऐकलं. ज्यानं कुणी हे केलं, त्या बिचाऱ्याला कळलंही नसेल, असं काही होईल म्हणून."

ललितचा हात थांबला.

"कळलं होतं."

"काय?"

"ताकीद आली होती. मी वाचली नाही असं नाही... मीच होतो तो, ताई."

...

रेश्मा रागावली नाही. तिला खरंच समजत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, "मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

उत्तर ललितला माहीत होतं. मुलाखत. पण तो शब्द तिच्यासमोर तोंडातून काढायचीही त्याला लाज वाटली. गेल्या शनिवारीही ती अशीच आली होती. सर्व्हर बिघडलाय, असं तिला सांगणारा हाच. आणि चौकशी करून सांगितलंत म्हणून तिनं त्याचे आभार मानले होते. ते आठवलं आणि त्याचे कान तापले. मान वर होईना. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते हेच असणार.

तो उठला. हार्ड डिस्क काढून हातात घेतली.

"वाघुळदेसर पाचपर्यंत असतात. आत्ता जाऊन माझं नाव देतो. हे सगळं त्यांच्यादेखत पुसतो."

जा, असं कुणी म्हणालं नाही. नको, असंही कुणी म्हणालं नाही.

दारापर्यंत गेलेल्या ललितला ते सोसवेना. तो मागे वळला. रेश्माच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, बाईंच्या खुर्चीपाशी आला आणि खाली वाकला.

"चुकलो, बाई. मला क्षमा करा."

बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि रेश्माकडे पाहिलं.

"माझं काय अडलं होतं?"