कोणीही घ्या, पण मोकळं ठेवा

डोंगरापलीकडच्या पाड्यांवरच्या मास्तरणींची ही गोष्ट बरं का. छापील धडे पोरांच्या डोक्यावरून जायचे, म्हणून त्यांनी मिळून आपलंच गोष्टींचं पुस्तक केलं. एकीनं गोष्ट लिहिली, दुसरीनं चित्रं काढली, तिसरीनं आपल्या पाड्याचे शब्द घातले. पहिल्याच पानावर लिहिलं, "कोणीही घ्या, बदला, वाटा, पण पुढंही असंच मोकळं ठेवा."

तालुक्यातल्या मोठ्या शाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब रणपिसे यांनी ते घेतलं, वर स्वतःचा फोटो टाकून झकास छापलं आणि भर सभेत पुस्तकांचे गठ्ठे मांडून बजावलं, "आता सगळे हक्क आमचे. पाड्यांवर शिकवायचं तर आमच्याकडून विकत घ्या!"

मास्तरणींचे चेहरे उतरले. पोरांच्या हातातलं पुस्तकच जाणार की! तेवढ्यात त्यांच्यातली मंदा घिगे उठली.

"भाऊसाहेब, हे कोणाला विचारून घेतलंत हो?"

"विचारायचं कशाला? तुम्हीच लिहिलंय ना, कोणीही घ्या!"

"म्हणजे आमचं लिहिलेलं तुम्हाला मान्य आहे. मग 'मोकळं ठेवा' हेही तिथंच लिहिलंय, तेही माना. ते मानायचं नसेल, तर 'घ्या' म्हटलेलंही गेलं. मग न विचारता उचलणाऱ्याला काय म्हणतात, ते सभेलाच विचारू या का?"

"मी सांगू?" मागून एक म्हातारी ओरडली. सभा खो खो हसली.

भाऊसाहेबांनी घाईघाईनं माईक धरला. "अहो, पाड्यांना फुकट वाटायलाच तर छापलंय मी!"

हे तोंडातून निघायची खोटी, मास्तरणींनी गठ्ठे डोक्यावर घेतलेसुद्धा.