न दिसणारी तीट

“मग काय, खोटं सांगायला हवं होतं का मी, माई?”

येसामाई काजळ पाडत बसली होती. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथं घातलेलं तांब्याचं तबक. बाहेर खाडीवर सकाळचं धुकं. होड्या पाण्यावर आहेत की हवेत, कळत नव्हतं. माईच्या मठीत उजेड होता तो त्या ज्योतीएवढाच.

विभावरीला राहवेना. “माई, काही बोला ना.”

“तू काय सांगितलंस, ते आधी सांग.”

“सगळं खरं सांगितलं. रेवाला दत्तक घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, हिच्यापासून काही लपवायचं नाही. तिनं विचारलं, मी काळी का? मी पृथ्वीचा गोल काढला, आफ्रिका दाखवली. म्हटलं, तुझ्या पणजोबांचे पणजोबा इथले. गलबतांतून इकडे आणलं त्यांना. सिद्दी म्हणतात. केस असे का? तेही सांगितलं. मग म्हणाली, तुझ्या पोटात नव्हते का मी? नव्हतीस, म्हटलं. बाळ माझ्या पोटातलं, तू दुसऱ्या आईच्या पोटातली, आणि दोघंही माझीच.”

“पाठ आहे की तुला.”

“दत्तक घेणाऱ्यांच्या सभांत हेच शिकवते मी. लोक लिहून घेतात.”

बोलता बोलता तिची मान ताठ झाली. सगळी उत्तरं येणाऱ्या माणसाची होतेच ती.

रेवा दारात बसली होती, आईकडे पाठ करून. सहा वर्षांची पोर. उंबऱ्यावरच्या दवात बोटानं काहीतरी काढत होती, पुसत होती.

“मग बिनसलं कुठं?”

“परवा बाळाला न्हाऊ घातलं, गालावर तीट लावली. ही जवळच होती. म्हणाली, मला का नाही गं लावत कधी?”

“आणि तू?”

“खरं तेच म्हटलं. तुझ्या रंगावर दिसत नाही गं...”

ज्योत जराशी कलली. पुन्हा सरळ झाली.

“तेव्हापासून मला आई म्हणत नाही, माई. ‘अहो’ म्हणते. ‘पाणी देता का हो,’ म्हणते. शेजारच्या बाईशी बोलावं तसं...”

माईनं तबक सुलटं केलं. काजळी मऊ धरली होती. तुपाचा थेंब सोडून तिनं ती बोटानं मळली. घाई नव्हती.

“पोरी, ये गं आत.”

रेवा आली. आईपासून हातभर लांब बसली.

माईनं तबक विभावरीपुढं सरकवलं.

“लाव.”

“पण माई, दिसणार नाही...”

“डोळे मीट. म्हणजे ती भानगडच नको.”

विभावरीनं डोळे मिटले. बोट काजळात बुडवलं, अंधारात पुढं नेलं. आधी कान लागला. मग केसांचं दाट, मऊ रान. मग नाक... कोमट श्वास. बोट चाचपडत राहिलं. रोज न्हाऊ घातलेली पोर, आणि गाल सापडेना.

धुकं उंबरा ओलांडून आत आलं.

मग एका लहानशा मुठीनं ते बोट धरलं. गालावर नेऊन टेकवलं.

...

“गार आहे,” रेवा म्हणाली.

मूठ सुटली नव्हती.

“आई, बाळालाही असंच गार लागतं?”

“ठाऊक नाही गं...” विभावरी म्हणाली. “मला नाही ठाऊक.”

तिच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी येत होतं.

“उघडू का डोळे, माई?”

“उघड. पण पोरीकडं फार वेळ बघत बसू नकोस... तुझीच दृष्ट लागायची.”