राजाच्या मांडीवरचं बाळ

“नदीपलीकडून आलेल्या माणसाला जो कुणी ‘ये’ म्हणेल, त्याने वर्षभर गडाच्या तटाला दगड वाहायचे!” अशी दवंडी मानाजीराजांनी पिटवली, आणि चौथ्याच दिवशी माझ्या शेजारणीच्या, राही सुइणीच्या घरातून ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचा वास आला.

बाळंतिणीची धुरी! आणि घरात तर राही एकटी, साठी उलटलेली! दुसरी कुणी असती तर वास घेऊन गप्प बसली असती. पण नाक माझं, आणि नाकाखालचं तोंडही माझंच. पाणवठ्यावर मी फक्त एकीला सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं, एवढंच. दुपारी शिपाई राहीच्या दारात!

आत हिरा नावाची पोर होती. पलीकडे पुरात तिचं घर वाहून गेलेलं, कुशीत तीन दिवसांचं बाळ. ते बघून मला रडूच फुटलं.

“ठके, रडतेस काय?” राही म्हणाली. “चल दरबारात. साक्षीला तुझं नाक लागेल!”

दरबारात राजे गरजले, “परक्या बाईला ‘ये’ म्हणालीस?”

“कुठे म्हटलं, महाराज? दाराशी कळा देत होती. बोलायला उसंत कुणाला? उचलूनच आणली!”

“आणि तीन दिवस खाऊ घातलंस ते?”

“ते तुमच्या रयतेला. बाळ इथे जन्मलं, म्हणजे तुमचंच. त्याला दात नाहीत, म्हणून त्याच्या वाटणीची खीर आई खाते!”

दरबार खुसखुसला. राजांची मिशी थरथरली. “बरं! मग रयत इथे राहील, आई पलीकडे जाईल. आणि पोर रडता कामा नये! रडलं, तर तू तटावर!”

शिपायांनी हिराला दरवाज्याबाहेर नेलं. बिचारी मागे वळून वळून बघत होती. राहीने मात्र बाळ उचललं आणि थेट राजांच्या मांडीवर ठेवलं.

“तुमची रयत, तुम्ही सांभाळा!”

बाळाने राजांचा मोत्यांचा कंठा चोखून पाहिला. काही मिळेना, तेव्हा असा टाहो फोडला! बोंडल्याने गाईचं दूध पाजलं, ते सगळं अंगरख्यावर आलं. सेनापतींनी खुळखुळा वाजवला. प्रधानजी मांजर झाले. मी अंगाई म्हटली, तर बाहेर घोडेही खिंकाळायला लागले. बाळ लालबुंद!

घामाघूम झालेले राजे बाळाला घेऊन सज्जात धावले आणि खाली बघून ओरडले, “ये बाई, ये! लवकर ये!”

हिरा धावत आली, बाळाला पदराखाली घेतलं, आणि दरबार शांत झाला.

राहीने पदर खोचला. “पोर रडलं, महाराज. मी तटावर निघाले. पण तुम्ही तीनदा ‘ये’ म्हणालात, म्हणजे तीन वर्षं! चला, बरोबरच जाऊ. जड दगड तेवढे तुम्ही घ्या, मी म्हातारी आहे.”

मग राजे असे हसले की कंठा तुटायचा बाकी राहिला!

“हळू!” राही दटावून म्हणाली. “आत्ताच झोपलंय.”

मग राजे तोंडावर शेला धरून हसले. हुकूम मागे घेतला. तटाचे दगड पलीकडच्यांच्या घरांच्या जोत्यांना दिले. राहीला दोन दुभत्या गाई आणि जरीचं लुगडं!

“नवी दवंडी पिटवू का, महाराज?” प्रधानजींनी विचारलं.

राजांनी माझ्याकडे बघितलं. “ढोल कशाला? ठकूला पाणवठ्यावर एकीला सांगू द्या!”

दिवस मावळायच्या आत दवंडी पलीकडच्या तीरापर्यंत पोचली!