सुभेदारांची छत्री

“मग तेवढा तुकडा देऊन टाकला तर बिघडलं काय, बाबा?”

वरच्या वाडीच्या सुभेदार धोंडजी म्हामुणकरांनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला होता. लतीफबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून एक जुनं जाळं उसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

१९३८ साल, कोजागिरीचा आदला दिवस, दुपारचे साडेचार. ओहोटी होती, तरी खाडी नेहमीइतकी उतरली नव्हती. चिखलातले खेकडे दर्ग्याच्या चौथऱ्यापर्यंत चढून आले होते. असं पूर्वी कुणी पाहिलेलं नव्हतं.

पायरीखाली खालच्या वाडीचा पोशा नावाचा शेतकरी उभा होता, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेला. त्याच्या वाडीच्या बांधाला भादव्यात दहा हात रुंद खांड पडली होती, भगदाडच. ती अजून अर्धीच बुजली होती. आजच्या ओहोटीत बुजली तर बुजली. उद्या दुपारी उधाण.

खांड पडली की दोन्ही वाड्यांनी घरटी एक माणूस द्यायचा, ही तिथली जुनी रीत. या वर्षी वरच्या वाडीची माणसं आली नव्हती. सुभेदारांनी अडवली होती.

खालच्या वाडीचा बांध खाडीच्या अंगाने दगडांनी बांधलेला. दोन वाड्यांच्या मधला बांध नुसत्या मातीचा, कंबरेएवढा.

“खालच्यांचं भात जाईल, मान्य,” सुभेदार म्हणाले. “पण तेवढं घेऊन पाणी थांबेल. आम्ही मधला बांध हातभर उंच करतो. दुसऱ्याच्या खांडीत माझी माणसं कशाला घालू?”

“पाण्यानं तसं लिहून दिलंय का, सुभेदार?” पोशाने विचारलं.

“तू गप रे!”

सुभेदारांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं. घडीवर चार दिवसांचा घाम होता.

“हे बघा. विलायतेतल्या शहाण्यांनी हेच केलं. तो जर्मन गुरगुरत होता. त्याला एक डोंगराळ मुलूख देऊन टाकला. लढाई टळली.”

“मुलूख कुणाचा होता?” बाबांनी विचारलं.

“तिसऱ्याचा.”

“त्याला विचारलं?”

“नाही... बोलणी चालू असताना त्याची माणसं बाहेर बसवून ठेवली होती म्हणे.”

पोशा अजून पायरीखालीच उभा होता. त्याला कुणी वर ये म्हटलं नव्हतं.

“डोंगरात काय होतं?” बाबांनी विचारलं.

याचं उत्तर सुभेदारांना तोंडपाठ होतं. त्यांची सगळी नोकरी पलटणीत गेलेली.

“किल्लेबंदी. तोफांच्या पक्क्या जागा. मी त्या तिसऱ्याचा सेनापती असतो, तर तिथेच...”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला.

“छत्री बघू तुझी.”

सुभेदारांनी दिली. बाबांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“चांगली आहे. कापड तुझ्याकडेच राहू दे. मला काड्या तेवढ्या काढून दे.”

“काड्या?”

“फक्त काड्या. पुन्हा काही मागणार नाही.”

“आणि नुसत्या कापडाचं मी काय करू, बाबा? मुंडासं बांधू?”

पोशा खो खो हसला. सुभेदारही हसले. बाबा हसले नाहीत.

हळूहळू दोघांचंही हसू थांबलं. खांडीतून खळखळ ऐकू येत होती. पाणी अजून बाहेर जात होतं, पण मघापेक्षा सावकाश.

सुभेदार पायरीवर बसले. छत्री बाबांच्याच हातात होती.

“गेल्या लढाईत बसऱ्याला माझा भाऊ चिखलात राहिला,” ते म्हणाले. “मी हात धरला होता त्याचा. सुटला.”

बाबा त्यांच्याकडे वळले.

“घरटी एक माणूस... माझ्या घरातून माझा पोरगा सदाच जाणार. दुसरं आहे कोण? खांडीत पाय घसरला की माणूस हाती लागत नाही.”

“हं.”

“मला भीती वाटते, बाबा.”

हे त्यांनी पोशाच्या देखत म्हटलं. पोशाने खाली बघितलं. एक खेकडा त्याच्या पायावरून चालत गेला, तरी त्याने पाय हलवला नाही.

“आज खांड बुजवली,” सुभेदारांनी विचारलं, “तरी उद्या पाणी येणारच ना?”

“येणार.”

“एवढंच?”

“याहून मोठं येईल.”

“मग...?”

बाबांनी छत्री मिटून सुभेदारांच्या मांडीवर ठेवली.

“घाबरायचंच असेल, सुभेदार, तर दगडी बांधामागे उभा राहून घाबर.”